डिझेल लोकोची तोडणी : यार्डात नव्याने येणाऱ्यांसाठी कामाचा क्रम

मोडीत निघालेले डिझेल लोको यार्डाच्या सायडिंगवर येऊन उभे राहते तेव्हा ते शंभरेक टन भंगार लोखंडासारखे दिसते आणि नवख्या माणसाचा हात साहजिकच गॅस कटरकडे जातो. वस्तुतः त्या क्षणी ते भंगार झालेलेच नसते. त्याच्या टाकीत डिझेलचा गाळ असतो, इंजिनाखालच्या तेलाच्या कुंडीत, म्हणजे संपमध्ये, वंगण असते, हवेच्या टाक्यांत दाब अडकलेला असू शकतो, स्प्रिंगा दाबलेल्या असतात, बॅटरीत विद्युतभार असतो आणि भिंतींच्या आत काय भरले आहे ते बाहेरून कळत नाही. हे सारे आधी बाहेर काढायचे आणि मग कापायचे, या एका क्रमावर या धंद्यातील सुरक्षितताही अवलंबून असते आणि नफाही. पुढील मजकूर यार्डात नव्याने रुजू झालेल्या कामगारांसाठी आणि पर्यवेक्षकांसाठी आहे. त्यात ‘लोको’ म्हणजे संपूर्ण वाहन, ‘इंजिन’ म्हणजे त्याच्या पोटातील डिझेल इंजिन आणि ‘बोगी’ म्हणजे प्रवासी डबा नव्हे, तर चाके धरणारी चौकट, असे समजावे.

जागा आणि ओळख

लोको सपाट रुळांवर, पक्क्या आणि तेल न शोषणाऱ्या फरशीवर उभे करावे. त्या फरशीवरचे पाणी थेट नाल्यात न जाता तेल-पाणी वेगळे करणाऱ्या टाकीत जात असावे. ब्रेकच्या नळ्यांत हवा नसल्यामुळे एअर ब्रेकचा उपयोग नसतो आणि हँडब्रेक बहुतेक लोकोंमध्ये काही मोजक्या चाकांवरच लागतो. म्हणून दोन्ही बाजूंनी चाकांखाली पाचरी ठोकणे आणि सायडिंगच्या तोंडाशी डिरेल ब्लॉक (सुटलेले वाहन रुळावरून उतरवणारा अडसर) लावणे ही पहिली कामे होत.

त्यानंतर लोकोची ओळख पटवावी. क्रमांक, बांधणाऱ्या कारखान्याची पाटी, वर्ग आणि इंजिनाची जात ही माहिती केवळ नोंदवहीसाठी नसते. ॲस्बेस्टॉस कोठे असण्याचा संभव आहे, जनरेटर डीसी आहे की त्याच्या जागी अल्टरनेटर आहे, आणि मुख्य म्हणजे भार कोण पेलते, तळाची चौकट की बाजूच्या भिंती, हे सारे वर्गावरून कळते. भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ हे सोयीचे उदाहरण आहे. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्यावरचे हे लोको १९६२ मध्ये भारतात आले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. त्याचे चालते वजन ११२.८ टन, इंजिन १६ सिलिंडरांचे आणि २,६०० अश्वशक्तीचे, इंधनाची टाकी ५,००० लिटरची. एवढ्या माहितीवरून किती क्षमतेची क्रेन लागेल, किती पिंपे लागतील आणि किती दिवस जागा अडून राहील याचा अंदाज कामाला हात लावण्यापूर्वीच बांधता येतो.

कागदांवर मात्र पूर्ण विसंबू नये. निवृत्त होण्यापूर्वीची काही वर्षे लोकोला दुसऱ्या लोकोंचे भाग बसवलेले असतात आणि त्याचे चांगले भाग काढूनही नेलेले असतात. पाटी एक सांगते आणि आत दुसरेच निघते, असे वारंवार होते. म्हणून विजेरी घेऊन आतून-बाहेरून एक फेरी मारावी. जपून काढायच्या भागांवर एका रंगाची आणि धोकादायक भागांवर दुसऱ्या रंगाची खूण करावी. मूळ मालकाने कोणते भाग राखून ठेवले आहेत, याची यादी याच वेळी हातात असली पाहिजे. वेल्समधील बॅरी येथील यार्डातून २१३ वाफेचे लोको जतनासाठी परत गेले, कारण तेथे आधी वाघिणी तोडण्याचे काम हाती घेतले गेले आणि लोको तसेच उभे राहिले. डिझेलच्या बाबतीत अख्खे लोको परत जाणे विरळा असले, तरी त्याच वर्गाची धावती लोको सुट्या भागांवर जगत असतात. चांगला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) किंवा कंप्रेसर वजनावर विकणे म्हणजे शुद्ध तोटा आहे.

वीज आणि हवा

बॅटरीपासून सुरुवात करावी. अल्को जातीच्या लोकोंमध्ये ती ६४ व्होल्टची असते, ब्रिटिश लोकोंमध्ये बहुधा ११० व्होल्टची. हे आकडे ऐकून भीती वाटत नाही, परंतु हीच बॅटरी पंधरा-वीस टनांचे इंजिन फिरवून सुरू करीत असे. पाना दोन टोकांत अडकला तर तो क्षणात लाल होतो आणि वितळलेल्या धातूचे शिंतोडे उडतात. आधी मुख्य नाइफ स्विच उघडावा, मग इन्सुलेशन असलेल्या पान्याने जोडपट्ट्या सोडवाव्यात आणि सेल उभेच ठेवून बाहेर काढावेत. त्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरीचे कप्पे मोकळे होऊन हवेशीर होईपर्यंत त्या बाजूला ठिणगी नको. एसी मोटरींच्या नव्या लोकोंमध्ये इन्व्हर्टरचे कपॅसिटर असतात आणि तेथील दाब दोन हजार व्होल्टांच्या वर जातो. लोको महिनोन्महिने उभे असले तरी त्या कपॅसिटरांना अर्थिंग दांडा लावल्याशिवाय हात लावू नये.

हवेच्या मुख्य टाक्यांत चालत्या लोकोमध्ये ८ ते १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढा दाब असतो. उभ्या लोकोमध्ये तो गळून गेलेला असतो, पण सर्वत्र नाही. लहान नियंत्रण टाक्या आणि त्यांच्या आधी बसवलेले नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा अडवून धरतात, आणि दाबमापकाचा काटा शून्यावर दिसतो तो कधीकधी केवळ तो गंजून अडकल्यामुळे. सर्व ड्रेन कॉक उघडून उघडेच ठेवावेत आणि शेवटी प्रत्येक टाकीची गुडदी काढून टाकावी. डोळ्यांना भोक दिसत नसलेली कोणतीही बंद टाकी कापू नये. चालक कक्षातील वातानुकूलन यंत्राचा वायू आणि काही लोकोंमधील कार्बन डायऑक्साइडची आग विझवणारी नळकांडी प्रशिक्षित माणसाकडून काढून घ्यावीत. ही नळकांडी इंजिन खोलीत चुकून सुटली, तर आत असलेल्या माणसाला श्वास घ्यायला हवा उरत नाही.

तेल, पाणी आणि रिकामी टाकी

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची असते, ही गोष्ट नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. साध्या तापमानाला डिझेलची वाफ फारशी होत नाही. पण गॅस कटरच्या टॉर्चच्या ज्योतीने पत्रा तापला की तळाला आणि आडव्या पडद्यांना चिकटलेला पातळ थर वाफ होऊन टाकीतील हवेत मिसळतो. मग स्फोटक मिश्रण, ज्योत आणि बंद भांडे ही तिन्ही एकाच जागी येतात. म्हणून डिझेल पंपाने उपसून घेतल्यावर टाकीची झाकणे उघडावीत, गाळ काढावा, वाफेने किंवा गरम पाण्याने आतून धुवावे आणि मगच गॅसमापक यंत्र आत सोडावे. डिझेलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे वर, मध्ये आणि अगदी तळाशी, शिवाय पडद्यांमागच्या प्रत्येक कप्प्यात मापन करावे. ज्योत लावण्यापूर्वी वाचन शून्य असावे आणि जेवणाच्या सुटीनंतरही ते पुन्हा घ्यावे, कारण गाळ सुकत असताना वाफ पुन्हा साचते. आत माणूस उतरणार असेल तर प्राणवायूचे प्रमाणही पाहावे लागते. ते १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ टक्क्यांच्या वर असेल तर कोणी आत जाऊ नये.

माझे मत विचाराल तर इंधनाच्या टाकीला ज्योत लावूच नये. बोल्टने टांगलेली टाकी सोडवून बाजूला घ्यावी आणि हायड्रॉलिक शिअरने, म्हणजे यांत्रिक कात्रीने, थंड कापावी. जेथे टाकी तळाच्या चौकटीचाच भाग असते आणि सुटी होत नाही, तेथे ती पाण्याने कापण्याच्या रेषेच्या थोडे खालपर्यंत भरावी किंवा नायट्रोजनने हवा हाकलून काम करावे. हे काम अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे.

वंगण सावकाश निथळते. संप रिकामा झाला तरी फिल्टर, ऑइल कूलर आणि टर्बोच्या नळ्यांत ते शिल्लक राहते. म्हणून ड्रेन उघडे ठेवून खाली परात लावावी आणि घाई न करता निथळू द्यावे. त्यात डिझेल किंवा कूलंटचे पाणी मिसळू देऊ नये. स्वच्छ जुने वंगण पुनर्शुद्धीकरणासाठी विकले जाते, तर मिसळलेले वंगण पैसे देऊन विल्हेवाट लावण्याचा कचरा ठरते. इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात गंजरोधक रसायन असते. जुन्या पद्धतीत ते क्रोमेट असे. त्यातील सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, म्हणून पिवळसर पाणी दिसले तर ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये. नंतरच्या काळात बोरेट-नायट्राइटचे मिश्रण प्रचारात आले. दोन्हींपैकी काहीही जमिनीवर सोडायचे नाही.

उरलेली ठिकाणे लहान असतात आणि म्हणूनच विसरली जातात : इंजिनाचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरमधील तेल, कंप्रेसरचा क्रँककेस, बोगीवरचे हादरे शोषणारे तेलभरले डॅम्पर, चाके फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरच्या गिअर केसमधील डांबरासारखे घट्ट वंगण आणि जुन्या मोटरींच्या सस्पेन्शन बेअरिंगमधील तेलात भिजलेली लोकर. या लोकरीला ठिणगी लागली तर ज्वाळा दिसत नाही, ती आत धुमसत राहते आणि पाळी संपल्यावर पेट घेते. वाळूच्या पेट्याही याच टप्प्यात रिकाम्या कराव्यात.

ॲस्बेस्टॉस, पीसीबी आणि शिसे

या तीन गोष्टींमुळे होणारी इजा त्या दिवशी दिसत नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेल्यानंतर रोग प्रकट होण्यास अनेक दशके लागू शकतात. म्हणून कोणालाही काही झाले नाही, हा यार्डातील जुना दाखला येथे लावता येत नाही. जुन्या लोकोमध्ये ते एक्झॉस्टच्या नळ्यांवरील लपेटणीत, गॅस्केटमध्ये, विद्युत कपाटांतील पाट्यांत, कॉन्टॅक्टरच्या (मोठ्या विद्युत स्विचच्या) ठिणगी विझवणाऱ्या आर्क चूटमध्ये आणि ब्रेकच्या काही अस्तरांत आढळते. ब्रिटनमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत रेल्वेच्या वाहनांना आतून निळे ॲस्बेस्टॉस फवारून उष्णतारोधन केले जाई, आणि ते सर्वांत घातक प्रकारांपैकी आहे. अशी भिंत कापली तर तंतू संपूर्ण यार्डभर पसरतात.

संशयित जागेचे नमुने ओले करून घ्यावेत, प्रयोगशाळेत पाठवावेत आणि निकाल येईपर्यंत त्या वाहनावर दुसरे काम चालू करू नये. ॲस्बेस्टॉस निघाले तर ते काढण्याचे काम परवाना असलेल्या पथकाचेच आहे. ते पथक वाहनाभोवती बंदिस्त तंबू उभारते, आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवते, सामग्री ओली करून काढते आणि दुहेरी पिशव्यांत सीलबंद करते. नाकावर बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क येथे निरुपयोगी आहे. पथकाचा निर्वेधतेचा दाखला हाती आल्यावरच यार्डाच्या माणसांनी आत पाऊल टाकावे. या कामात आठवडाभर थांबावे लागले तर मालक चिडतो. त्याला चिडू द्यावे.

पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे तेलकट द्रव जुन्या कपॅसिटरांत आणि ट्रान्सफॉर्मरांत भरले जात. अमेरिकेत त्यांचे उत्पादन १९७९ मध्ये बंद झाले आणि २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर त्यांच्यावर बंदीचा मार्ग आखला. ते जळले तर डायॉक्सिन आणि फ्युरान यांसारखी विषे तयार होतात. ज्या जुन्या कपॅसिटरवर पीसीबी नसल्याचे लिहिलेले नाही, त्यात ते आहे असे धरून तो न फोडता गळती न होणाऱ्या पिंपात ठेवावा.

शिसे रंगात असते. जुन्या लोकोंच्या पोलादावर शेंदरी रंगाचा लेड प्रायमर आणि त्यावर रंगांचे अनेक थर असतात. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि टॉर्चच्या ज्योतीखाली त्याचा धूर होतो. कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुमारे १० सेंटिमीटर रंग खरवडून किंवा रसायनाने काढावा. कोरडा घासू नये, कारण मग तीच धूळ नाकात जाते. कटरवाल्यांच्या रक्तातील शिशाची नियमित तपासणी व्हावी आणि त्यांनी कामाच्या कपड्यांत जेवायला बसू नये.

आतले मोकळे करणे

आता लोको सुटे करण्यास योग्य झाले. छताचे झाकण किंवा हूडचे, म्हणजे इंजिनावरच्या अरुंद आवरणाचे, पत्रे काढल्यावर इंजिन उघडे पडते. अल्को जातीत जनरेटर इंजिनालाच जोडलेला असतो आणि दोन्ही एकत्र उचलता येतात. इंजिनाचे एकट्याचे वजन १५ ते २० टन भरते आणि जनरेटरचे काही टन वेगळे. उचलण्यापूर्वी बुडाचे सर्व बोल्ट, नळ्या, केबल आणि एक्झॉस्टचे जोड सुटले आहेत का, हे दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहावे. एक विसरलेला बोल्ट क्रेनवर येणारा भार दुप्पट करू शकतो.

स्लिंगच्या, म्हणजे ओझे उचलण्याच्या दोरांच्या, कोनाकडे ओझी बांधणाऱ्या नव्या खलाशाचे लक्ष नसते. २० टनांचे ओझे दोन पायांच्या स्लिंगने उचलताना प्रत्येक पाय आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येकावर सुमारे ११.५ टन ताण येतो. हाच कोन ३० अंशांवर आला की प्रत्येकावर पूर्ण २० टन येतात. दोर तेच, ओझे तेच, फक्त दोर आखूड घेतले. म्हणून जागा असेल तेथे लांब स्लिंग किंवा स्प्रेडर बीम वापरावा आणि गंजलेल्या लिफ्टिंग लगवर भरवसा ठेवण्यापूर्वी त्याची जाडी तपासावी.

इंजिन बाहेर आल्यावर तांब्याकडे वळावे, कारण वजनाच्या मानाने सर्वाधिक पैसा त्यातच असतो. फरशीखालच्या नळ्यांतून जाणाऱ्या जाड केबल ठरावीक ठिकाणी कटरने तोडून ओढून काढाव्यात. तांबे मिळवण्यासाठी केबल जाळणे हा जुना आळस आहे. प्लॅस्टिकच्या वेष्टणाच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन असतात, जळालेल्या तांब्याची प्रतही उतरते आणि अनेक देशांत हा गुन्हा आहे. सोलणी यंत्राने हेच काम स्वच्छ होते. तांबे पोलादाच्या ढिगात राहू न देण्याचे आणखी एक कारण भट्टीत आहे. वितळलेल्या पोलादातून तांबे जाळून वेगळे काढता येत नाही, ते पोलादात राहते आणि तापलेले पोलाद लाटताना त्याच्या पृष्ठभागावर भेगा पाडते. म्हणून पोलाद कारखाने तांबे मिसळलेला माल नाकारतात किंवा भाव पाडतात. थोडक्यात, केबल न काढता चौकट विकली तर तांबेही जाते आणि लोखंडाचा भावही.

जुन्या रेडिएटरांचे गाभे तांब्या-पितळेचे आणि नव्यांचे ॲल्युमिनियमचे असतात. ऑइल कूलर आणि आफ्टरकूलर यांच्या नळ्याही तांब्याच्या मिश्रधातूंच्या असतात. डायनॅमिक ब्रेकच्या ग्रिडमधील (मोटरींची वीज उष्णतेत घालवणाऱ्या जाळीतील) पट्ट्या निकेल-क्रोमियम किंवा तत्सम मिश्रधातूच्या असतात आणि त्या साध्या लोखंडात टाकू नयेत. रिले आणि काही नियंत्रण कॉन्टॅक्टरांच्या टोकांवर चांदीचा मिश्रधातू असतो. ती टोके लहान असतात, पण डब्यात जमवत गेल्यास मोल येते. त्यांतील काहींत कॅडमियम ऑक्साइड असते, म्हणून ती घासू किंवा तापवू नयेत. ट्रॅक्शन मोटर आणि जनरेटर अख्खेच विकण्याकडे माझा कल आहे. त्यांचे आर्मेचर फोडून तांबे काढणे वेळखाऊ असते, आणि मोटर दुरुस्त होण्याजोगी असेल तर तिची किंमत तिच्यातील तांब्याहून कितीतरी अधिक मिळते.

सांगाडा कोण पेलतो

कापण्याचा क्रम ठरवताना हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. हूड पद्धतीच्या लोकोमध्ये, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ सारख्या लोकोमध्ये, सारा भार तळाची जाड चौकट पेलते आणि वरचे हूड हे केवळ झाकण असते. ते पत्र्या-पत्र्याने काढले तरी खालचे काही हलत नाही. याउलट ब्रिटिश क्लास ४७ सारख्या लोकोंमध्ये बाजूच्या भिंतीही भार वाहतात. अशी भिंत इंजिन आत असताना आणि लोको दोन बोगींवर उभे असताना मधोमध कापली, तर चौकट मध्ये वाकते. कापलेली फट एका बाजूला मिटते, दुसरीकडे उघडते आणि मग पुढचा तुकडा कोणत्या दिशेने सुटेल हे सांगता येत नाही.

दोन्ही प्रकारांत इंजिन आधी बाहेर आलेले असावे. त्यानंतर देह बोगींवरून उचलून लाकडी स्लीपरांच्या चवडींवर ठेवावा. भिंती भार वाहत असतील तर चौकटीखाली ठरावीक अंतरांवर अधिक चवडी द्याव्यात आणि एका टोकाकडून सुरुवात करून छत, भिंती व तळ यांचे आडवे काप घेत पुढे जावे. हूडवाल्या लोकोचे हूड व चालक कक्ष आधी मोकळे करावेत, मग चौकटीची टोके आणि शेवटी मध्य. प्रत्येक कापाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही भागांना स्वतःचा आधार असला पाहिजे. इंजिन निघाल्यावर गुरुत्वमध्य सरकतो, म्हणून पूर्वीच्या खुणांवर विसंबून देह उचलू नये. थोडे उचलून, थांबून, पाहून मग पुढे जावे.

काही लोकोंमध्ये, विशेषतः शंटिंगच्या, चाकांची पकड वाढवण्यासाठी चौकटीत बिडाचे ठोकळे किंवा काँक्रीट भरलेले असते. काँक्रीटवर ज्योत लागली की आतील ओलाव्याची वाफ होऊन त्याच्या कपच्या वेगाने उडतात. बंद पेटीसारख्या तुळईलाही आधी ड्रिलने भोक पाडून तिचा श्वास मोकळा करावा, कारण आत झिरपलेले तेल किंवा पाणी असू शकते.

ज्योत हातात घेताना

गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळवून नव्हे, तर जाळून कापले जाते. पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवले की ऑक्सिजनच्या झोतात ते पेटते आणि मळी खाली उडून जाते. यावरून कोणता धातू कापता येणार नाही तेही कळते. बीड, स्टेनलेस पोलाद, ॲल्युमिनियम आणि तांबे साध्या टॉर्चने नीट कापले जात नाहीत. त्यांच्याशी झटत बसण्यापेक्षा बिडाचे सिलिंडर हेड, लायनर व ब्रेकचे ठोकळे क्रेनच्या लोखंडी गोळ्याने आडोशाआड फोडावेत आणि बाकीचे शिअरला द्यावे.

ॲसिटिलीनचा दाब १ बारच्या वर नेऊ नये, त्यापुढे ते स्वतःहून विघटित होऊन फुटू शकते. सिलिंडर उभेच ठेवावेत. अनेक यार्डांत एलपीजी किंवा प्रोपेन वापरतात. ते हवेपेक्षा जड असल्यामुळे पिटमध्ये आणि चौकटीच्या खोबणीत साचते. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लागू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजनमध्ये ग्रीस आपोआप पेटते, आणि तेलकट लोकोवर काम करणाऱ्याचे हात तेलकटच असतात. अंगावरील धूळ ऑक्सिजनच्या झोताने उडवण्याची खोडही यार्डात दिसते. कपड्यांत ऑक्सिजन मुरला की एक ठिणगी माणसाला जाळण्यास पुरेशी होते. दोन्ही नळ्यांवर ज्योत उलटी आत शिरू न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर असावेत आणि नळ्या कापल्या जाणाऱ्या तुकड्याच्या पडण्याच्या वाटेत नसाव्यात.

कापणाऱ्याने तुकड्याच्या खाली, त्यावर किंवा तो ज्या बाजूला झुलणार आहे त्या बाजूला उभे राहू नये. शेवटचे काही सेंटिमीटर कापण्यापूर्वी थांबून क्रेनचा ताण, आधार आणि स्वतःची सुटण्याची वाट पाहावी. जवळपासच्या सुमारे ११ मीटरच्या परिघात जळण्याजोगे काही नको. चालक कक्षातील प्लायवूड, फोम, रबर आणि तेलकट फरशी आधीच काढलेली असावी. शेवटची ज्योत विझल्यावर किमान एक तास एका माणसाने पाण्याची नळी घेऊन तेथे पहारा द्यावा.

बोगी, स्प्रिंगा आणि चाके

बोगीवर नवखा माणूस एकट्याने सोडू नये. वाहने जोडणाऱ्या कप्लरच्या मागे बसणारा, धक्के शोषणारा ड्राफ्ट गिअर कारखान्यातूनच दाबून बसवलेला असतो. त्याला धरणारी योक नावाची चौकट ज्योतीने कापली तर तो अडकलेला दाब एका क्षणात सुटतो. खालची आधारपट्टी सोडून तो अख्खा खाली उतरवावा आणि तसाच बाजूला ठेवावा. बाजूच्या बफरांच्या आतही दाबलेली स्प्रिंग असते, म्हणून बफरच्या तोंडासमोर कोणीही उभे राहू नये. स्प्रिंगच्या बळावर लागणाऱ्या पार्किंग ब्रेकच्या सिलिंडरला तर पानाही लावू नये. त्याची स्प्रिंग बंदिस्त करण्याची पद्धत निर्मात्याच्या पुस्तकात दिलेली असते, तीच पाळावी. देह उचलल्यावर बोगीच्या बहुतेक स्प्रिंगा सैल होतात, पण बोल्टने आवळून धरलेल्या तशाच ताणात राहतात. तेलभरले डॅम्पर तापले की फुटतात. ते आधी काढावेत.

मोटर आणि चाकांचा जोड सुटा करताना पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचे लहान दातेरी चाक, तापवून काढण्याचा मोह होतो. निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेले पिनियन सुटते तेव्हा ते सरकत नाही, उडते. हायड्रॉलिक पद्धतीने ते काढावे आणि समोरचा नट पूर्ण न काढता थोडी फट ठेवून तसाच ठेवावा. बोगीची चौकट ओतीव पोलादाची असेल तर टॉर्चने ती चांगली कापली जाते, मात्र तिच्यावरील झिजपट्ट्या मँगनीज पोलादाच्या असतात. त्यांचा धूर मज्जासंस्थेला घातक असल्यामुळे त्या बोल्ट किंवा वेल्ड तोडून आधी वेगळ्या कराव्यात.

चाके अख्खीच विकावीत. चाकाच्या कडेत निर्मितीच्या वेळचा ताण दडलेला असतो आणि ब्रेकमुळे फार तापलेल्या चाकात तो उलटलेला असू शकतो. असे चाक कापताना मध्येच कडाडून तडकते. कापणे टाळता येत नसेल, तर चाक साखळीने बांधून, आडव्या स्थितीत आणि अनुभवी माणसाकडूनच कापावे.

वर्गवारी आणि वजन

भट्टीला लागणारा माल मापात असावा लागतो. जाड पोलादाच्या प्रचलित वर्गवारीत तुकडा सुमारे १.५ मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद यांच्या आत व किमान ६ मिलिमीटर जाड धरला जातो. पहिल्याच कापात हे माप साधले तर दुसऱ्यांदा गॅस जळत नाही. पातळ पत्रा, जाड चौकट, ओतीव पोलाद, बीड आणि क्रँकशाफ्टसारखे घडीव पोलाद यांचे ढीग वेगळे असावेत. बेअरिंगांतील पांढरा धातू कथील किंवा शिशाचा असतो, त्याचा डबा निराळा ठेवावा.

शेवटी सर्व ढिगांचे वजन करून त्याचा मेळ लोकोच्या मूळ वजनाशी घालावा. येथे नव्या लेखनिकाचा गोंधळ होतो. डब्ल्यूडीएम-२ चे ११२.८ टन हे चालते वजन आहे. त्यात इंधन, पाणी, वंगण आणि वाळू मिळून सहा-सात टन धरलेले असतात. झिजलेली चाके, गंज, कापताना जळून मळी झालेले लोखंड आणि यार्डात येण्यापूर्वीच काढून नेलेले भाग हेही वजा करावे लागतात. या वजावटीनंतरही पोलादाच्या ढिगात काही टनांचा फरक समजण्यासारखा असतो. तांब्याच्या वजनात मात्र असा फरक दिसला तर चौकशी करावी. ॲस्बेस्टॉस, पीसीबी, तेल आणि बॅटरी यांच्या विल्हेवाटीच्या पावत्या लोकोच्या क्रमांकानिशी त्याच नोंदीला जोडाव्यात, कारण मूळ मालक तोडणीचा दाखला मागतो तेव्हा वजनाच्या चिठ्ठ्यांबरोबर या पावत्याही त्याला द्याव्या लागतात.